यूक्लिडमधील बिऱ्हाड

अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागांत, ओहायो संस्थानांत, ईरी सरोवराच्या दक्षिण कांठावर क्लीव्हलंड हें जुनें उद्योगनगर वसलेलें आहे. तेथून सरोवराच्या कडेकडेनें ईशान्येस गेलें म्हणजे यूक्लिड नांवाचें उपनगर लागतें. भूमितीच्या पुस्तकांतून शाळकरी मुलांना ज्याचा परिचय होतो, त्या ग्रीक गणितज्ञाचेंच हें नांव. १७९६ सालीं मोझेस क्लीव्हलंड ह्याच्या तुकडीबरोबर ह्या मुलखाची मोजणी करण्यासाठीं भूमापक आले, आणि त्यांनीं आपल्या विद्येच्या आद्य आचार्याचें नांव एका टापूला देऊन टाकलें. त्या टापूंतून पुढें खेडें झालें, १९३० सालीं खेड्याचें शहर झालें, आणि २०२० च्या शिरगणतींत तेथें ४९,६९२ माणसें मोजलीं गेलीं. प्रवाशानें मुद्दाम वाट वांकडी करून पाहावें असें तेथें फारसें कांहीं नाहीं. परंतु बेताच्या भाड्यांत बिऱ्हाड मिळण्याचें ठिकाण म्हणून ह्या गांवाची ओळख आहे. क्लीव्हलंडच्या विद्यापीठांत शिकावयास किंवा तेथील मोठ्या रुग्णालयांत नोकरीस जाणाऱ्या मराठी कुटुंबांनाही अशा उपनगरांशीं केव्हां ना केव्हां गांठ घालावी लागते. शिवाय दुसरीही एक गोष्ट आहे. अमेरिकेंत बिऱ्हाडकरूचें घर कोठें असावें आणि कोठें असूं नये, ह्याचा निवाडा ज्या खटल्यांत झाला, तो खटला ह्याच गांवचा.

१९२२ च्या नोव्हेंबर महिन्यांत यूक्लिडच्या ग्राममंडळानें एक नियम करून गांवच्या सर्व जमिनीचे सहा वर्ग पाडले. पहिल्या वर्गाच्या जमिनीवर फक्त एका कुटुंबाचें स्वतंत्र घर बांधावें. दुसऱ्या वर्गांत दोन कुटुंबांचें घर चालेल. बिऱ्हाडांच्या इमारती तिसऱ्या वर्गांत, म्हणजे हॉटेलें, शाळा आणि प्रार्थनामंदिरें ह्यांच्या पंक्तीला. आणि मोठे कारखाने सर्वांत शेवटीं. ॲम्बलर रिअल्टी नांवाच्या कंपनीची ६८ एकर जमीन यूक्लिड ॲव्हेन्यू हा हमरस्ता आणि निकेल प्लेट रेल्वे ह्यांच्या मध्यें पडून होती. कारखान्यांसाठीं विकली तर एकरीं दहा हजार डॉलर, आणि राहत्या घरांसाठीं विकावी लागली तर अवघे अडीच हजार, असा कंपनीचा हिशोब होता. कंपनीनें फिर्याद केली. १९२४ सालीं खालच्या न्यायालयाचे न्यायाधीश वेस्टनहेव्हर ह्यांनीं तो नियम रद्द ठरविला. माणसांची त्यांच्या प्राप्तीप्रमाणें आणि परिस्थितीप्रमाणें वर्गवारी करून त्यांना निरनिराळें बसविणें, हाच ह्या नियमाचा खरा परिणाम होणार, असें त्यांनीं स्पष्ट म्हटलें. हे न्यायाधीश गरिबांचे कैवारी होते असा मात्र कोणी समज करून घेऊं नये. त्याच निकालपत्रांत कृष्णवर्णीयांच्या आणि कांहीं परकीय वंशांच्या शेजाराविषयीं त्यांनीं जें लिहिलें आहे, तें वाचून आज कोणाचीही मान खालीं होईल.

खटला सर्वोच्च न्यायालयांत गेला. २२ नोव्हेंबर १९२६ रोजीं सहा विरुद्ध तीन अशा मतांनीं गांवाच्या बाजूनें निकाल लागला. निकालपत्र न्यायमूर्ति जॉर्ज सदरलंड ह्यांनीं लिहिलें. मौज अशी कीं, वाद होता कारखान्याच्या जमिनीचा. परंतु न्यायमूर्तींच्या लेखणीचा सर्वांत तिखट फटकारा बसला तो बिऱ्हाडांच्या इमारतीला. स्वतंत्र घरांच्या वस्तींत अशी इमारत पुष्कळदां केवळ बांडगूळ होऊन येते, शेजाऱ्यांनीं राखलेली मोकळी हवा आणि शोभा आयती उपभोगते, आणि तिच्यामागून तशाच इमारती येत गेल्या म्हणजे मुलांचें खेळण्याचें आंगण व घरांतलें ऊन दोन्ही हिरावून घेते, असा त्या विवेचनाचा आशय होता. इमारतीच्या आंत राहणाऱ्या मुलांनाही ऊन आणि आंगण लागतें, ही गोष्ट त्या विवेचनांत कोठेंच येत नाहीं.

ह्या निकालानें देशभरच्या गांवांना असे नियम करण्याची मोकळीक मिळाली, आणि त्या पद्धतीला यूक्लिडचेंच नांव चिकटलें. भाड्याच्या इमारती वर्दळीच्या रस्त्यांच्या कडेला, रेल्वेच्या अंगाला, कारखान्यांच्या शिवेवर लोटल्या गेल्या. ज्या ॲम्बलरच्या जमिनीसाठीं एवढें रण माजलें, ती मात्र पुष्कळ वर्षें तशीच मोकळी राहिली, आणि शेवटीं दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत तेथें कारखानाच उभा राहिला.

युद्धानंतर यूक्लिडची भरभराट झाली. स्लोव्हेनियन, क्रोएशियन, लिथुएनियन अशा वंशांचीं कामकरी कुटुंबें क्लीव्हलंडच्या जुन्या वस्त्यांतून येथें आलीं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सरोवराच्या कांठीं उंच उंच बिऱ्हाडी इमारती झाल्या, आणि १९७० सालीं लोकसंख्या ७१,५५२ पर्यंत चढली. त्यानंतर ओहोटी लागली. एकामागून एक कारखाने बंद पडले किंवा अन्यत्र गेले. लिंकन इलेक्ट्रिकसारखी एखादी जुनी कंपनी तेवढी पाय रोवून राहिली. १९७७ सालीं उघडलेला मोठा व्यापारी चौक ओस पडला, पाडला गेला, आणि २०१९ सालीं त्या जागीं ॲमेझॉनचें कोठार उघडलें. माणसें गेलीं, इमारती राहिल्या. न्यूयॉर्ककडे किंवा कॅलिफोर्नियाकडे एका जागेमागें दहा जण लागतात, तर येथें पूर्वीं सत्तर हजारांना पुरणाऱ्या गांवांत आतां पन्नास हजार राहतात. यूक्लिडच्या स्वस्ताईचें मर्म मुख्यतः एवढेंच आहे. त्यांत कोणाचें औदार्य नाहीं. २०१० च्या शिरगणतीपासून गांवांत कृष्णवर्णीय कुटुंबें निम्म्याहून अधिक आहेत, आणि ज्यांना एका कुटुंबाच्या स्वतंत्र घरांच्या उपनगरांत पूर्वीं कोणी पाऊल ठेवूं दिलें नसतें, त्यांपैकीं पुष्कळांना येथें सरोवराचें दर्शन घडविणारी खिडकी मिळाली आहे. किनाऱ्याची जमीन लाटांनीं ढांसळत होती. ती बांधून काढण्याच्या बदल्यांत सरोवराकांठच्या मालकांनीं आपल्या हद्दींतून सर्वांना चालण्याची वाट दिली, आणि आतां त्या वाटेवरून संध्याकाळीं वाटेल त्यानें फिरावयास जावें.

परंतु जाहिरातींतलें भाडें म्हणजे बिऱ्हाडाचा खर्च नव्हे, हें नव्यानें जाणाऱ्याला सहसा पहिल्या हिंवाळ्यांतच कळतें. यूक्लिडला घरें सरोवराच्या वाऱ्याच्या वाटेवर आहेत. उत्तरेकडून येणारा गार कोरडा वारा सरोवराच्या त्या मानानें उबदार पाण्यावरून वाहतांना बाष्प उचलतो आणि पूर्वेकडील चढत्या जमिनीवर तें हिमाच्या रूपानें टाकतो. क्लीव्हलंडच्या पश्चिमेच्या उपनगरांपेक्षां पूर्वेच्या उपनगरांत बर्फ अधिक पडतें, तें ह्यामुळें. तेव्हां घर पाहावयास जातांना पहिला प्रश्न भाड्याचा नसून उष्णतेचा असावा. जुन्या विटांच्या इमारतींत तळघरांत एकच मोठा बंब असतो आणि वाफेच्या नळ्यांनीं सर्व बिऱ्हाडें तापविलीं जातात; तेथें उष्णतेचा खर्च बहुधा मालकाकडे असतो. उलट, दुमजली घर विभागून केलेल्या जागेंत प्रत्येक बिऱ्हाडाची भट्टी निराळी, आणि ग्यासचें बिल भाडेकरूच्या नांवावर येतें. अशा घराच्या खिडक्या जुन्या असल्या आणि माळ्यावर ऊब धरणारें आच्छादन नसलें, तर जानेवारींत भाड्यांतली सर्व बचत धुराड्यांतून निघून जाते. गेल्या हिंवाळ्याचीं बिलें दाखवा, असें घरमालकाला निःसंकोच म्हणावें. त्यांत कोणाचाही अपमान होत नाहीं.

दुसरा खर्च मोटारीचा. क्लीव्हलंडच्या मध्यवस्तीपासून यूक्लिड ॲव्हेन्यूनें जाणारी हेल्थलाइन ही जलद बससेवा २००८ पासून चालू आहे. परंतु ती ईस्ट क्लीव्हलंड येथेंच थांबते, आणि पुढें साध्या बसची वाट पाहावी लागते. रुग्णालयांत रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेला पहांटे बर्फांत उभें राहून ती वाट पाहणें कसें वाटेल, ह्याचा विचार घर घेण्याआधीं करावा.

तिसरी गोष्ट पैशाची नव्हे, मुलांच्या प्रकृतीची आहे, आणि ती सर्वांत महत्त्वाची. अमेरिकेंत घरगुती रंगांत शिसें घालण्यास १९७८ सालीं बंदी झाली. त्यापूर्वींच्या घरांत, आणि यूक्लिडमधील बहुतेक घरें त्यापूर्वींचींच आहेत, वरच्या नव्या रंगाखालीं जुना शिसेयुक्त रंग असण्याचा संभव असतो. भिंत शाबूत असेपर्यंत तो निजून असतो. परंतु खिडकी वरखालीं करतांना चौकट घांसते, तिची बारीक धूळ उंबऱ्यावर सांचते, आणि रांगणारें मूल तोच हात तोंडांत घालतें. सहा वर्षांखालील मुलांच्या मेंदूवर शिशाचा होणारा परिणाम पुन्हा भरून निघत नाहीं. १९९२ च्या कायद्यानें अशा जुन्या घराच्या मालकावर, त्याला जेवढी माहिती असेल तेवढी लेखी कळविण्याचें आणि एक माहितीपत्रक देण्याचें बंधन घातलें आहे. पुष्कळ लोक तें पत्रक न वाचतां त्याखालीं सही करतात. पोपडे सुटलेली खिडकी दिसली तर ती स्वतः खरवडूं नये. खरवडल्यानें धूळ वाढते, कमी होत नाहीं.

जागा पसंत पडली म्हणजे अर्ज करावा लागतो. अर्जाची फी प्रत्येक प्रौढ माणसामागें घेतली जाते आणि ती बहुधा परत मिळत नाहीं. म्हणून पांच ठिकाणीं अर्ज टाकून पाहूं, ही वृत्ति महागांत पडते. पुष्कळ मालकांचा आडाखा असा कीं, कुटुंबाची महिन्याची मिळकत भाड्याच्या तिप्पट असावी. भाडें हजार डॉलर तर मिळकत तीन हजार. ह्याहीपेक्षां नव्या माणसाला अडते ती पत. त्या देशांत माणसानें पूर्वीं घेतलेलें कर्ज कसें फेडलें ह्याची टांचणें ठेवणाऱ्या कंपन्या आहेत, आणि त्यावरून त्याच्या पतीचा आंकडा निघतो. पुण्याहून आलेल्या ज्या गृहस्थानें जन्मांत कोणाचा पैसा बुडविला नाहीं, त्याचा तेथें आंकडाच नसतो, आणि यंत्राच्या दृष्टीनें पत नसणें व पत वाईट असणें ह्यांत फारसा भेद राहत नाहीं. अशा वेळीं नोकरीचें नेमणूकपत्र, बँकेंतील शिलकीचा दाखला, किंवा जामीन राहणारा कोणी परिचित ह्यांच्या आधारें मालकाशीं प्रत्यक्ष बोलावें. कित्येकदां मालक जास्त अनामत मागतो. ओहायोंत अनामतीवर कायद्याची वरची मर्यादा नाहीं. परंतु भाडेकरू सहा महिने किंवा अधिक राहिला, तर एका महिन्याच्या भाड्याहून जी जास्त रक्कम अडकून पडली असेल, तिच्यावर सालीना पांच टक्के व्याज देणें मालकाला भाग आहे. हें व्याज मागणारे भाडेकरू थोडे.

वंश, वर्ण, धर्म किंवा मूळ देश ह्यांच्या कारणावरून घर नाकारण्यास १९६८ च्या कायद्यानें मनाई केली. १९७४ सालीं त्यांत स्त्रीपुरुषभेदाची आणि १९८८ सालीं अपंगत्वाची व लहान मुलें असण्याची भर पडली. पतीच्या अहवालावरून नकार दिला, तर तसें कळविलेंच पाहिजे, असाही नियम आहे. मात्र मिळकत थोडी म्हणून नाकारलें, तर त्यावर तक्रार चालत नाहीं. वेस्टनहेव्हर ह्यांनीं १९२४ सालीं जी प्राप्तीची चाळणी ओळखली होती, ती अजून फिरतेच आहे.

घर डोळ्यांनीं पाहिल्याशिवाय आणि किल्ली देणारा माणूस खरोखरच मालक किंवा त्याचा मुखत्यार आहे अशी खात्री झाल्याशिवाय एक डॉलरही पाठवूं नये. दुसऱ्याच्या घराचीं छायाचित्रें दाखवून मुंबईंत किंवा नागपुरांत बसलेल्या विद्यार्थ्याकडून अनामत उकळणारे भामटे कमी नाहींत.

करारपत्र बहुधा एका वर्षाचें असतें. चार विद्यार्थी मिळून एक जागा घेतात तेव्हां त्यांत संयुक्त जबाबदारीचें कलम असतें, आणि त्याचा अर्थ पाव हिस्सा असा नसतो: तिघे निघून गेले तर चौथ्याकडून पूर्ण भाडें मागतां येतें. मैत्रीच्या भरांत सही करणाऱ्यांनीं हें कलम दोनदां वाचावें. वर्ष संपलें म्हणजे मालकानें भाडें किती वाढवावें ह्यावर ओहायोंत नियंत्रण नाहीं. मुंबईचा १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा, त्यानें १ सप्टेंबर १९४० च्या भाड्याशीं बांधून ठेवलेलीं घरें, आणि त्या घरांवर जवळजवळ मालकासारखा हक्क सांगणारे तीन पिढ्यांचे भाडेकरू, हें सर्व ज्यानें पाहिलें आहे, त्याला दुसऱ्या टोकाची ही व्यवस्था फार निष्ठुर वाटेल. येथें भाडेकरूच्या मागें काळ उभा राहत नाहीं. कागद उभा राहतो.

ह्या कागदांत सर्वांत उपयोगी कागद दुरुस्तीच्या तक्रारीचा. १९७४ सालीं ओहायोंत घरमालक व भाडेकरू ह्यांच्या संबंधांचा कायदा झाला. घर राहण्यायोग्य ठेवणें, नळ, वीज व तापविण्याचीं साधनें चालू ठेवणें, हीं मालकाचीं कर्तव्यें त्यांत सांगितलीं आहेत. भट्टी बंद पडली आणि फोन करूनही मालक दाद देत नाहीं, तेव्हां रागानें भाडें थांबविणें ही भाडेकरूची नेहमीची चूक होय. त्यानें मालकाच्या हातीं आयतें शस्त्र जातें. कायद्याची वाट निराळी आहे: मालकाला लेखी नोटीस द्यावी, वाजवी मुदतींत, जास्तींत जास्त तीस दिवसांत, दुरुस्ती झाली नाहीं, तर पुढचें भाडें ठरल्या तारखेला न्यायालयाच्या कारकुनाकडे भरावें. भाडें भरलेंही जातें आणि मालकाला मिळतही नाहीं. त्यासाठीं मागील भाडें चुकतें केलेलें असलें पाहिजे. ज्या मालकाचीं तीन किंवा त्याहून कमी बिऱ्हाडें आहेत आणि ज्यानें तसें आरंभींच लेखी कळविलें आहे, त्याच्याविरुद्ध हा उपाय चालत नाहीं. म्हणून सही करतांनाच त्याच्या घरांची संख्या विचारून ठेवावी. २००८ च्या सुमारास कर्जें बुडून क्लीव्हलंडच्या परिसरांतील असंख्य घरें जप्त झालीं, आणि त्यांतलीं पुष्कळ दूर दूरच्या भांडवलवाल्यांनीं न पाहतांच विकत घेतलीं. अशा अदृश्य मालकापुढें शब्दांपेक्षां न्यायालयाची पावती लवकर पोंचते.

भाडें थकलें तर मालक तीन दिवसांची नोटीस लावूं शकतो, आणि त्यानंतर न्यायालयांत जाऊं शकतो. ह्या तीन दिवसांनीं कित्येक कुटुंबें घाबरून रातोरात सामान हलवितात. वस्तुतः ते तीन दिवस संपले म्हणजे दावा लावण्याचा मार्ग खुला होतो, इतकेंच. न्यायालयाचा हुकूम झाल्याशिवाय कुलूप बदलणें, वीज तोडणें किंवा सामान बाहेर काढणें मालकाला मना आहे. सुनावणीला हजर राहावें. गैरहजर राहिल्यास निकाल बहुधा विरुद्ध जातो. हजर राहिल्यास निदान तडजोडीची भाषा होऊं शकते. दुर्दैवाची गोष्ट ही कीं, दावा लागल्याची नोंद मागें राहते, आणि पुढचा घरमालक खटल्याचा शेवट न पाहतां ती नोंदच पाहतो. म्हणून पहिल्याच अडचणीच्या महिन्यांत, नोटीस येण्याआधीं, मालकाशीं बोलून हप्ते ठरवावे आणि ठरलेलें लिहून घ्यावें.

बिऱ्हाड सोडण्याचा दिवस बिऱ्हाड घेण्याच्या दिवसाइतकाच सांभाळावा. आंत शिरतांना भिंतीवरचे डाग, फुटकी फरशी, गळका नळ ह्यांची तारीखवार यादी करून छायाचित्रें काढलेलीं असलीं, म्हणजे जातांना त्यांचा आळ अंगावर येत नाहीं. नुसत्या वापरानें झिजलेल्या गालिच्याचे पैसे अनामतींतून कापतां येत नाहींत. किल्ल्या परत देऊन जागा सोडल्यापासून तीस दिवसांच्या आंत मालकानें अनामत परत केली पाहिजे, आणि कांहीं कापलें असल्यास कलमवार हिशोब दिला पाहिजे. गैररीतीनें कापलेल्या रकमेबद्दल तिची दुप्पट आणि वकिलाचा खर्च मिळूं शकतो. सहा हजार डॉलरपर्यंतचे असे तंटे लहान दाव्यांच्या न्यायालयांत वकिलाशिवायही चालतात. मात्र ह्या दुप्पट भरपाईला एक अट आहे, आणि तिच्यापायीं कित्येकांचा हक्क बुडतो: आपला नवा पत्ता मालकाला लेखी कळविलेला असला पाहिजे. सामानाची गाडी दाराशीं उभी असते, मुलें कंटाळलेलीं असतात, सरोवरावरून वारा सुटलेला असतो, अशा घाईंत तो चार ओळींचा कागद राहून जातो. तो आदल्या रात्रींच लिहावा, त्याची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी, आणि किल्ल्यांबरोबर मालकाच्या हातीं द्यावा.